डाव ठाऊक असणे आणि डाव लागणे

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला असताना आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर करवीर तालुक्यातील एका खेड्यात भरले होते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि चार ते सहा गावातील मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग, असा कार्यक्रम ठरला. वर्गाची जबाबदारी सरांनी माझ्यावर सोपवली. त्याला कारण माझा कराटेचा तपकिरी पट्टा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते. त्यामुळे माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी त्या पट्ट्याचे प्रमाणपत्रही भिंतीवर काचेत लावलेले आहे. पाहुणा आला की वडील आधी ते दाखवतात.

पहिले चार दिवस वर्ग फार छान चालला. शाळेच्या पटांगणात चाळीस-बेचाळीस मुली ओळीने उभ्या राहत. मी आकडे मोजायची आणि त्या हवेत ठोसे मारायच्या. सरपंचांनी कौतुक केले, छायाचित्रेही निघाली. पाचव्या दिवशी मी ‘कोणी मनगट धरले तर सोडवून कसे घ्यावे’ हा पाठ घेतला. एक पाऊल बाजूला, मनगटाला पीळ, मग झटका. जोडीदारणीने नुसते मनगट धरून उभे राहायचे आणि दुसरीने सोडवायचे. सगळ्यांची मनगटे सुटली.

गावाबाहेर ऊसतोडणीच्या टोळीचा तळ होता. तेथील तीन-चार मुलीही वर्गाला येत. त्यांतली एक, असेल पंधरा-सोळा वर्षांची, पुढे आली आणि म्हणाली, “ताई, त्यानं हात सोडलाच नाही तर?” मी म्हटले, “शिकवलं तसं केलंस तर सुटणारच.” ती म्हणाली, “मग मी धरते.”

तिने माझे मनगट दोन्ही हातांनी धरले. दिवाळीपासून उसाच्या मोळ्या बांधणारे ते हात होते. मी पाऊल टाकले, पीळ दिला, झटका दिला. हात सुटला नाही. शिवाय माझ्या जोडीदारणीसारखी ती जागेवर उभी राहिली नाही. मला ओढत ती मागे मागे चालू लागली. चार-पाच पावले मी फरफटत गेले. त्या वेळी माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता. कोणता पाय आधी टाकायचा तेही आठवेना. मी नुसता हात मागे खेचत होते. शेवटी तिनेच हात सोडला. कोणी हसले नाही, तीही हसली नाही. “रात्री हापशावर जावं लागतं, म्हणून इचारलं,” एवढे बोलून ती घागर उचलून निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिला गाठून विचारावे, काही धड शिकवावे, असे मनाशी ठरवले होते. पण पहाटेच टोळीचे ट्रॅक्टर पुढच्या फडाकडे निघून गेले होते. तिने माझ्या वर्गाला पाच दिवस दिले. त्या बदल्यात मिळाले ते तिने स्वतःच तपासून पाहिले, आणि जागेवर ठेवून ती गेली.

प्रस्तुत लेख हा तिच्या त्या प्रश्नाला, वर्षभर उशिराने का होईना, उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

हौद्यातील लढत

घरी आल्यावर हा प्रकार मी आजोबांना सांगितला. आजोबा तरुणपणी तालमीत होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ साली सुरू झालेल्या खासबागेच्या मैदानात त्यांनी लहानसहान कुस्त्याही केल्या आहेत. सहीपुरते अक्षर सोडले तर त्यांना लिहिता-वाचता येत नाही. माझ्या पट्ट्याविषयी त्यांनी आजवर बरे-वाईट काही म्हटले नव्हते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले.

“आजवर किती जणींसंगं लढत केलीस?”

मी म्हटले, “आमच्यात लढत क्वचित असते, आणि तीही हात लागला की थांबवतात. बाकी समोरची उभी राहते आणि मी डाव करते.”

“म्हंजे ती उभी ऱ्हाती आन् तू करतीस. मग भिताडानं काय घोडं मारलंय?” आजोबा म्हणाले. “पोरी, डाव ठावं असणं येगळं आन् डाव लागणं येगळं. त्या पोरीनं बराबर इचारलं.”

मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याकडून तालमीतील शिक्षणाची रीत समजावून घेतली. आमच्या गल्लीच्या टोकालाच तालीम आहे. लहानपणापासून पहाटे तिच्या खिडकीतून येणारे हुंकार मी ऐकत आले. पण मुलीने आत जायचे नसते, म्हणून आत काय चालते ते मला ठाऊक नव्हते.

तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी जोर-बैठका आणि हौदा खणण्याच्या मेहनतीला लावतात. मग एखादा डाव दाखवतात. पट काढणे घ्या, ढाक घ्या, घिस्सा घ्या. तो जोडीदारावर हळूहळू, त्याच्या संमतीने करून पाहायचा. येथवर माझ्या वर्गात आणि तालमीत फरक नाही. फरक पुढे आहे. त्याच आठवड्यात त्या पोराला लढतीला उभे करतात. समोरचा पाय देत नाही, मान देत नाही, उलट आपलाच डाव टाकू पाहतो. शिकवलेला डाव पहिल्या दिवशी लागत नाही, दहाव्या दिवशीही लागत नाही. पण का लागला नाही हे त्या पोराच्या अंगाला कळत जाते. पाय उशिरा पडला, पकड सैल होती, समोरच्याचा तोल आधी हलवला नव्हता, असे एकेक कारण माती त्याला सांगते. प्रत्येक डावाला तोड असते, आणि ती तोड समोरचा खरोखरच करतो. तेव्हा जो डाव तोड सोसून लागतो तोच त्या पैलवानाचा स्वतःचा डाव होतो. आजोबांना पन्नासेक डावांची नावे तोंडपाठ आहेत. पण “माझे डाव तीनच,” असे ते सांगतात.

येथे कोणी विचारील की, रोज असे झुंजून हाडे मोडत नाहीत काय? त्याचेही उत्तर तालमीने शोधून ठेवले आहे. हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळतात आणि ती रोज खणून भुसभुशीत ठेवतात. ठोसा-लाथ चालत नाही, बोट मुरगळणे चालत नाही. पाठ टेकली की कुस्ती संपली. म्हणजे जे अपाय करील तेवढे नियमाने बाजूला काढले, आणि उरलेले पूर्ण ताकदीने करण्याची मोकळीक दिली. ही साधी वाटणारी गोष्ट सगळ्या युद्धविद्येच्या शिक्षणाचे मर्म आहे, हे मला पुढे ग्रंथालयात समजले.

कानो यांचा धडा

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ज्यूदोच्या इतिहासावर एक पुस्तक मिळाले. शब्दकोश शेजारी घेऊन ते मी महिनाभर वाचत होते. त्यातून ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांची ओळख झाली, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

कानो यांचा जन्म १८६० साली जपानमध्ये झाला. ते अंगाने लहान होते, आणि शाळेत दांडगी मुले त्यांना त्रास देत. म्हणून त्यांनी जुजुत्सू ही जुनी विद्या शिकायचे ठरवले. १८७७ साली ते हाचिनोसुके फुकुदा या गुरूंकडे जाऊ लागले. तेथे त्यांच्यापेक्षा खूप धिप्पाड असा एक सहाध्यायी होता. त्याच्यापुढे कानोंचे काही चालेना. त्यांनी सुमो कुस्तीतील डाव करून पाहिले, ते लागले नाहीत. मग एका पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात त्यांना एक डाव सापडला. समोरच्याच्या खाली शिरून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलायचा आणि टाकायचा. तो मात्र लागला. पुढे ज्यूदोत त्यालाच ‘काता-गुरुमा’ हे नाव मिळाले.

हा भाग मी आजोबांना वाचून दाखवला आणि चित्रही दाखवले. चित्र डोळ्यांजवळ नेऊन ते म्हणाले, “आगं, ह्यो तर कलाजंग!” मग त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मला मात्र त्यातून एक वेगळीच गोष्ट दिसली. डाव कोणत्या देशाचा, कोणत्या परंपरेचा, हे कानोंनी पाहिले नाही. न ऐकणाऱ्या माणसावर तो लागतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

१८८२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, कानोंनी तोक्योच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात आपली शाळा सुरू केली. तिचे नाव कोदोकान. जागा बारा चटयांची, आणि शिष्य केवळ नऊ. जुन्या जुजुत्सूत ‘काता’ नावाचा सराव असे. त्यात कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले असते, एखाद्या बसवलेल्या नाटुकल्यासारखे. दुसरा प्रकार ‘रांदोरी’, म्हणजे मोकळी लढत. कानोंनी दोन्ही ठेवले, पण भर दिला तो रांदोरीवर. त्यासाठी ठोसे, लाथा आणि घातक मारे त्यांनी फक्त कातात ठेवले. फेकणे, दाबून धरणे, गळ्याची पकड असे जे पूर्ण जोराने करूनही सहसा इजा होत नाही, ते रांदोरीत आणले. पडावे कसे, हे पहिल्याच धड्यात शिकवले. हार मानायची तर हाताने थोपटायचे आणि समोरच्याने तत्काळ सोडायचे, हा नियम ठरला.

वरवर पाहता या बदलाने विद्या सौम्य झाली. वास्तविक ती अधिक खरी झाली. डोळ्यांत बोटे घालण्याचा मारा कितीही भयंकर असो, तो आयुष्यात एकदाही कोणावर करून पाहता येत नाही. म्हणून तो ऐन वेळी येईल याचा भरवसा नाही. उलट एखादी साधी पकड दहा हजार वेळा, सोडवू पाहणाऱ्या माणसावर केलेली असेल, तर ती घाबरलेल्या अवस्थेतही हातून होऊन जाते.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १८८५च्या सुमारास कानो आपले दुसरे एक गुरू त्सुनेतोशी ईकुबो यांच्याशी रांदोरी करत असत. एरवी गुरू त्यांना सहज फेकत. त्या दिवशी मात्र कानोच गुरूंना पुन्हा पुन्हा फेकू लागले. काय झाले होते? फेकण्याच्या आधी समोरच्याचा तोल मोडावा लागतो, ही गोष्ट त्यांना लढता लढता उमगली होती. आज ज्यूदोत हे पहिले तत्त्व म्हणून शिकवतात. तात्पर्य, रांदोरी ही केवळ परीक्षा नव्हती. ज्ञानही तिच्यातूनच निघाले.

मुलींना आकृती, मुलांना झुंज

वाचताना एका गोष्टीपाशी मी अडखळले. ज्या कोदोकानने लढतीला एवढे महत्त्व दिले, तेथे मुलींचे काय होते? कानोंनी १८९३पासूनच स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली होती, आणि १९२६ साली स्त्रियांचा स्वतंत्र विभागही उघडला. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. परंतु स्त्रियांच्या शिक्षणात भर होता तो कातावर, आणि स्पर्धेची दारे त्यांना बंद होती. कानोंचे पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको फुकुदा १९३५ साली कोदोकानमध्ये दाखल झाली आणि तिने सारा जन्म या विद्येला वाहिला. तिला पाचवा दान १९५३ साली मिळाला, पण सहाव्यासाठी १९७२ उजाडावे लागले. कारण स्त्रीला पाचव्याच्या वर चढवायचे नाही, अशी रीत होती. अमेरिकेत रस्टी कानोकोगी या तरुणीने १९५९ साली पुरुषवेष करून एका स्पर्धेत भाग घेतला आणि लढत जिंकली. ती स्त्री आहे हे कळल्यावर तिला पदक परत करावे लागले. त्याच बाईंनी पुढे खटपट करून १९८० साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा भरवली.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? साक्षी मलिकने २०१६ साली रिओ येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली. काळ बदलतो आहे यात शंका नाही. परंतु खेडोपाडी मुलींच्या वाट्याला येते ते सात दिवसांचे किंवा एका दुपारचे शिबिर, हवेतले ठोसे आणि शेवटी प्रमाणपत्र. मुलांना माती मिळते, मुलींना तिचे चित्र मिळते. मुलगी पडेल, तिला लागेल, कोणी काय म्हणेल, या काळजीपोटी आपण तिच्या शिक्षणातून नेमका विरोधच काढून टाकतो. आणि ज्या दिवशी तिला ती विद्या वापरायची वेळ येईल, त्या दिवशी तिच्यासमोर विरोधाखेरीज दुसरे काहीच नसते!

येथे कराटेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. पूर्ण जोराने लढवणारे कराटेचे संप्रदायही आहेत. उलट मातीतही लटकी लढत शिरतेच. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि प्रेक्षक तिची हुर्यो उडवतात. दोष विद्येच्या नावात नसतो. समोरचा खरोखर विरोध करतो की नुसता उभा राहतो, यावर सगळे ठरते. मी कराटे शिकवत नव्हते की कुस्तीही शिकवत नव्हते. मी नुरा शिकवत होते.

विरोध वाढवावा कसा?

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या गावात दर रविवारी मी मुलींचा वर्ग घेते. अकरा मुली येतात. महाविद्यालयात ज्यूदो खेळणारी माझी एक मैत्रीण मदतीला असते. आजोबा कट्ट्यावर बसून पाहतात आणि न विचारता सल्ले देतात. या वर्गातून जी पद्धत आम्हांला उपयोगी वाटली ती येथे देते.

पहिली गोष्ट, धडे थोडे असावेत. आम्ही चारच घेतले. पडणे व पडल्यावर उठणे, मनगट सोडवणे, मागून घातलेली मिठी सोडवणे, आणि तळहाताने जोरात ढकलून पळणे. भीतीने छाती धडधडते, हात कापतात, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते. अशा वेळी बोटांचे नाजूक काम जमत नाही, अंगाच्या मोठ्या, ओबडधोबड हालचालीच जमतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक धडा चार पायऱ्यांनी चढवावा. पहिल्या पायरीवर जोडीदारीण विरोध करत नाही, फक्त आकृती समजून घ्यायची. दुसऱ्या पायरीवर ती थोडी ताकद लावते, पण जागेवर राहते. तिसऱ्या पायरीवर ती पूर्ण ताकदीने धरते, ओढते, चालते. सुटू द्यायचे नाही हेच तिचे काम. चौथ्या पायरीवर केव्हा धरणार ते सांगायचे नाही. मुलगी डोळे मिटून उभी असेल, दहा बैठका काढून दमलेली असेल, तेव्हा मागून कोणीतरी धरेल आणि मोठमोठ्याने ओरडेल. पहिल्या पायरीवर एक रविवार पुरतो, उरलेले सगळे रविवार तिसऱ्या-चौथ्या पायरीचे.

मनगटाचेच उदाहरण घेऊ. तिसऱ्या पायरीवर गेल्याबरोबर अकराच्या अकरा मुलींनी हात मागे खेचला, जसा मी खेचला होता. घाबरलेले शरीर तेच करते. पण समोरची दांडगी असेल तर ताकदीच्या ओढाताणीत आपण हरतो. त्यातून आम्हांला कळले की मागे न जाता पुढे जायचे. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या मधल्या फटीकडे आपल्या मनगटाची बारीक कड वळवायची, एक पाऊल त्याच्याकडे टाकायचे, आणि कोपर वाकवून त्याच्या कोपराच्या दिशेने अंगाच्या वजनासकट रेटायचे. दोन्ही हातांनी धरले असेल तर आपल्या दुसऱ्या हाताने स्वतःचीच मूठ पकडायची आणि दोन्ही हात मिळून वर काढायचे. पुस्तकात हे एका ओळीत येते. आम्हांला ते अंगात उतरवायला सात रविवार लागले. आजही दर वेळी सुटतेच असे नाही. मात्र आता हात सुटला नाही तरी मुलगी थिजत नाही. दुसरे काहीतरी करते. माझ्या मते हीच खरी मिळकत आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. विरोध वाढवायचा तर माती आधी भुसभुशीत केली पाहिजे. आम्ही भाताच्या पिंजराने भरलेली पोती अंथरतो, आणि तळहाताचे मार पोत्यावरच मारतो. ‘बस’ म्हटले की त्या क्षणी सोडायचे. जी सोडणार नाही तिला त्या दिवशी बाहेर बसवायचे. जिला नको असेल तिला पुढच्या पायरीवर ढकलायचे नाही. भीती थोडी थोडी वाढवली तर मुलगी तिच्यावर स्वार होते. एकदम लादली तर ती दुसऱ्या रविवारी येत नाही.

या विद्येच्या मर्यादा

शिकवणाऱ्याने मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मी शिबिरात म्हटले होते, “सुटणारच.” हे वाक्य शिक्षकाने कधीही उच्चारू नये. खोट्या भरवशापेक्षा खरी भीती बरी, कारण खरी भीती माणसाला निदान वेळेवर पळायला तरी लावते. समोर अनेक जण असतील, हातात कोयता असेल, तर पळणे आणि ओरडणे हेच डाव.

दुसरे असे की, आपण मुलींना अंधारातल्या अनोळखी माणसाशी लढायला शिकवतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. ओळखीच्या माणसाला ढकलण्यापूर्वी हात अडतो तो ताकदीअभावी अडत नाही. संकोचाने अडतो. म्हणून कॅनडातील विद्यापीठांत चार्लीन सेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जो बारा तासांचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात हातघाईच्या सरावाबरोबर धोका ओळखणे आणि संकोच झटकून स्पष्ट ‘नाही’ म्हणणे यांचाही सराव होता. ८९३ विद्यार्थिनींवर केलेल्या या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण अभ्यासक्रम न केलेल्यांत ९.८ टक्के होते, तर केलेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मे. शिक्षणाने धोका संपत नाही, पण खरे शिक्षण तो कमी करते, एवढे यावरून म्हणता येते. आमच्या वर्गातही आता दर रविवारी पहिली दहा मिनिटे ओरडण्याची असतात. नेहमी ‘हळू बोल’ ऐकत आलेल्या मुलींना हा धडा मनगटापेक्षा अवघड गेला.

आणि शेवटची मर्यादा. गुन्ह्याचा दोष तो करणाऱ्याचा असतो. एखादीचा हात सुटला नाही, ती थिजली, तर तिला नीट शिकता आले नाही असे कोणी म्हणू नये. तळावर दिवा हवा, हापसा जवळ हवा, ही कामे त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मनगटावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

यंदाचे शिबिर दुसऱ्या गावात झाले. वर्ग पुन्हा माझ्याकडेच होता. ऊसतोडणीचा तळ याही गावाजवळ होता. मी दोनदा तिकडे जाऊन आले, पण ती मुलगी तेथे नव्हती. पहिल्या दिवशी चार वाजता मुली ओळीत उभ्या राहू लागल्या, तेव्हा मी त्यांना ओळ मोडून गोल करायला सांगितले. मग त्यांतली सगळ्यांत दणकट दिसणारी मुलगी पुढे बोलावली, माझे मनगट तिच्यापुढे केले आणि म्हटले, “धर. आणि मी सांगितलं तरी सोडू नकोस.”

पहिल्या खेपेला हात सुटला नाही. दुसऱ्या खेपेला सुटला. दोन्ही वेळा सगळ्या मुलींनी पाहिले, आणि तेथूनच आम्ही शिकायला सुरुवात केली.